किरकोळ जमा



आम्ही बी.कॉम. आहोत. ही गोष्ट आमच्या ऑफिसात कुणाच्या लक्षात नाही आणि आमच्या घरात ती कुणी विसरू देत नाही. भाजीवाल्याने दोन रुपये जास्त घेतले, लाइटबिलाची तारीख टळली, किंवा गॅसची टाकी पाहुणे आलेले असताना संपली, की आमच्या आयुष्मती म्हणतात, "काय उपयोग त्या बी.कॉम.चा?" गॅसच्या टाकीचा आणि बी.कॉम.चा संबंध काय, हे आम्हाला वीस वर्षांच्या संसारात उमगलेलं नाही.

तरीसुद्धा पेपरात हिशेबाची बातमी आली, की ती मोठ्याने वाचून दाखवायचा मान घरात आमचाच. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. बारा आणि अठ्ठावीस टक्क्यांचे टप्पे गेले आणि बहुतेक वस्तूंना पाच किंवा अठरा टक्के लागू झाले. त्याच दिवसापासून रेल्वेने रेलनीरची एक लिटरची बाटली १५ रुपयांवरून १४ रुपयांवर आणली. आम्ही चहाचा कप बाजूला ठेवून ही बातमी घरात जाहीर केली.

चिरंजीव मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले, "एका रुपयात येतं काय, पप्पा?"

आम्ही त्याला समजावलं, की बाबा रे, रुपया लहान नसतो. रोजचा एक रुपया म्हणजे वर्षाचे ३६५. थेंबे थेंबे तळे साचे. पोरगा "हो पप्पा" म्हणाला. आयुष्मती काहीच बोलल्या नाहीत. वाचकहो, त्या बोलत नाहीत तेव्हा त्या लक्षात ठेवत असतात, हे आम्हाला अनुभवाने माहीत असायला हवं होतं.

तर गेल्या थंडीत एका रविवारी सहकुटुंब कान्हेरीला जायचं ठरलं. याला कारण आमची कन्या. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीबरोबर पाली आणि प्राकृत या भाषांनाही अभिजात दर्जा दिला. त्या दिवशी आमच्या वस्तीत पेढे वाटले गेले. पेढा खाता खाता कन्या म्हणाली, "पप्पा, आपण रोज पालीत वंदना म्हणतो. पण आपल्या लोकांनी दगडावर जे लिहून ठेवलंय, ते आपल्यापैकी किती जणांना वाचता येतं?" आम्ही पेढ्याचं कारण सांगून गप्प राहिलो. तोंड भरलेलं होतं.

पोरीने मग मनावर घेतलं. रविवारी सकाळी ब्राह्मी लिपीच्या वर्गाला जाऊ लागली. वर्षभरात घरातल्या डब्यांवर, फ्रिजवर, आमच्या छत्रीवर धम्मलिपीची अक्षरं उमटली. मिठाचा डबा कुठला आणि साखरेचा कुठला हे आमच्या आईला कळेना. दोनदा चहात मीठ पडल्यावर "आता ही विद्या डोंगरावर नेऊन वापर" असा घरात ठराव झाला आणि कान्हेरीची सहल पक्की झाली.

निघालो पाचजण. आम्ही, आयुष्मती, कन्या, चिरंजीव आणि सत्तरी गाठलेली आमची आई. आई गुडघ्यांनी त्रस्त आहे, पण "मला सोडून जाता व्हय?" या एका वाक्यापुढे डॉक्टरचंही चालत नाही. सोबत चपात्या, बटाट्याची भाजी, ठेचा, चिवडा आणि पाण्याच्या चार बाटल्या. आम्ही कल्याणकर. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असतो हे आम्हाला पाठ असल्यामुळे पहाटेच बाहेर पडलो. दादरला उतरून, पूल चढून-उतरून पश्चिम रेल्वेची गाडी पकडली. गाडीत चिरंजीवांनी दोन बाटल्या संपवल्या. तिसरी कन्येने हात धुवायला वापरली. तेव्हा वाटेत एका स्टेशनावर उतरल्यावर आम्ही पाण्याची बाटली घ्यायला टपरीवर गेलो.

पंधरा रुपये दिले. बाटली आली. रुपया आला नाही.

"एक रुपया," आम्ही म्हणालो.

"सुट्टे नाहीत," टपरीवाला म्हणाला आणि त्याने एक गोळी पुढे सरकवली.

आम्ही गोळी परत सरकवली. आम्ही त्याला २२ सप्टेंबरची तारीख सांगितली, दर सांगितला, ग्राहकाचा हक्क सांगितला. मागे रांग वाढली. कुणीतरी म्हणालं, "काका, एक रुपयासाठी काय लावलंय?" आम्ही त्यालाही थेंबे थेंबे तळे ऐकवलं. अखेर टपरीवाल्याने गल्ल्याच्या तळातून एक रुपया काढला आणि असा ठेवला, की जणू स्वतःची किडनी देतोय. आम्ही विजयी मुद्रेने परतलो. आई म्हणाली, "गोळी तरी घ्यायची, माजा घसा सुकलाय."

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या दारापासून लेण्यांपर्यंत बसची सोय आहे, त्यामुळे आईचे गुडघे वाचले. पुढे पायऱ्या. खडकातच खोदलेल्या पायऱ्या, शेकडो वर्षांच्या पावलांनी मध्यभागी खोलगट झालेल्या. काळ्या कातळाचा डोंगर, म्हणून कृष्णगिरी, म्हणून कण्हगिरी, म्हणून कान्हेरी. शंभराहून जास्त लेणी. इसवी सनाच्या आधीपासून पुढे जवळजवळ हजार वर्षं इथे भिक्खूंचा वावर होता. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या ओसरीत दोन्ही टोकांना बुद्धाच्या भव्य मूर्ती उभ्या आहेत. तिथे आईने डोक्यावर पदर घेतला, त्रिशरण म्हटलं आणि खांबाला टेकून बसली. आम्ही सगळेच बसलो. रोज ८.१२ ची लोकल पकडणाऱ्या माणसाला अशी शांतता सोसत नाही. पहिली पाच मिनिटं आम्ही घड्याळ बघत होतो. मग विसरलो.

बाहेर आलो तर माकडांनी चिवडा नेला होता. पिशवी मात्र सोडली होती. निसर्गात किरकोळ वसुली अशी पावतीशिवायच चालते.

खरी मौज पुढे होती. कान्हेरीत बहुतेक लेण्यांच्या अंगणात पाण्याचं टाकं आहे. डोंगरावर पडलेलं पावसाचं पाणी चर खोदून, वळवून या टाक्यांत आणलेलं. वर्षावासात इथे राहणाऱ्या भिक्खूंना पावसाळा संपल्यावरही पाणी पुरावं अशी ती रचना. अशाच एका टाक्यापाशी कन्या थांबली, वहीतला कागद काढला आणि भिंतीवरच्या झिजलेल्या अक्षरांवर बोट न टेकवता हवेतच बोट फिरवत वाचू लागली. "पा... नि... य... पो... ढी."

"पोढी म्हणजे?"

"टाकं. पाण्याचं टाकं. आणि देयधम म्हणजे दान. कल्याणच्या सामिदत नावाच्या सोनाराने हे टाकं दान केलंय. पप्पा, आपल्या कल्याणच्या!"

डॉ. शोभना गोखले यांनी कान्हेरीच्या शिलालेखांवर पुस्तक लिहिलं, ते १९९१ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने काढलं. पोरीच्या वर्गातल्या सरांनी अशा अभ्यासातून टिपणं काढून मुलांना दिली होती. त्या टिपणात आणखी एक नोंद होती. इथली एक वाट कल्याणच्याच एका लोहाराने करून दिली. त्याचं नाव नद, म्हणजे आपण आज म्हणू नंद.

आम्ही टिपणाचा कागद हातात घेतला आणि वाचकहो, आमच्यातला कारकून जागा झाला. कारण हे काव्य नव्हतं, पुराण नव्हतं. ही पावती होती! नाव, गाव, धंदा, आणि कशापायी दिलं ती बाब. आम्ही विहाराचे खजिनदार म्हणून जी पावती फाडतो, तिच्यात हेच रकाने असतात. फरक एकच. रक्कम नव्हती. सोनाराने किती कार्षापण खर्च केले, लोहाराने किती, याचा उल्लेख नाही.

"सगळीकडे असं नाही," कन्या म्हणाली. "नाशिकला त्रिरश्मी लेण्यांत नहपान राजाचा जावई उषवदात याने रक्कमसुद्धा लिहिली आहे. तीन हजार कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक टक्का व्याज, हजारावर पाऊण टक्का. दोन हजारांच्या व्याजातून वर्षावासातल्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण."

आम्ही तिथेच पायरीवर बसून आकडेमोड केली. दोन हजारांवर महिना एक टक्का, म्हणजे वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्खू गुणिले बारा, दोनशे चाळीस. ताळा बरोबर! इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला हिशेब, एका कार्षापणाचीही तफावत नाही. त्या अनामिक हिशेबनिसाला आम्ही मनोमन जयभीम केला. आमचा मागल्या वर्षीचा ताळेबंद सतरा रुपयांनी चुकला होता.

"राजाचा जावई होता, त्याने रक्कम लिहिली," आयुष्मती म्हणाल्या. "लोहाराची रक्कम नाही, पण नाव आहे. नाव तेवढंच ठळक."

इतका वेळ आई टाक्यातल्या हिरव्या पाण्याकडे बघत होती. ती म्हणाली, "आमच्या गावात आडावर आमी लांब उभं ऱ्हायाचो. घागर खाली ठेवायची आन् वाट बघायची. कुनाला दया आली तर वरनं वतनार. न्हाई आली तर ऊन डोईवर येस्तवर तितंच." ती सातारकडची. ही गोष्ट आम्ही ऐकलेली होती, पोरांनी नव्हती. चिरंजीवांनी मोबाइल खिशात घातला. "किती वाजेपर्यंत, आजी?" त्याने विचारलं. "घड्याळ कुनाकडं व्हतं?" आई म्हणाली. "आन् लोहारानं वाट केली म्हनतीस? चांगली केली. अजून चालतीया."

२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. ते आम्ही दरवर्षी भाषणात सांगतो. आमच्याच आईची घागर त्यानंतर चाळीस वर्षांनी आडाबाहेर ताटकळत होती, हे भाषणात सांगायचं आमच्या कधी लक्षात आलं नाही.

उतरताना आयुष्मतींनी विषय काढला. अगदी साध्या आवाजात.

"काय हो, सकाळी रुपयासाठी भांडलात ते बरोबरच केलंत. मग मावशींचे पन्नास-पन्नास रुपये किरकोळ कसे?"

इथे वाचकांना थोडी मागची हकिगत सांगायला हवी. आमच्या वस्तीतल्या विहाराची दुरुस्ती झाली, थंड पाण्याचा कूलर बसला. अडीच वर्षं वर्गणी गोळा होत होती. समितीने ठराव केला, की ५००१ रुपये आणि त्यावर देणाऱ्यांची नावं संगमरवरावर कोरायची. शंभराच्या आतल्या वर्गणीला पावती फाडायची नाही, कारण पावतीपुस्तक छापायलाही पैसे लागतात. ती रक्कम रोकडवहीत "किरकोळ जमा" अशी एकत्र दाखवायची. ठरावाचे सूचक कोण? आम्ही. हिशेब सुटसुटीत राहतो, असं आम्ही सभेत सांगितलं होतं आणि त्यावर टाळ्याही पडल्या होत्या.

मावशी चार घरची भांडी घासतात. दर महिन्याच्या पाच-सहा तारखेला पगार झाला, की चौघडी केलेली पन्नासची नोट दानपात्राशेजारच्या ताटात ठेवायच्या. तीस महिने. एकही महिना चुकला नाही. बुद्धपौर्णिमेला संगमरवराचं अनावरण झालं, तेव्हा त्या एका शाळकरी पोराला पुढे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बग रं, माजं हाय का." पोराने सगळी बारा नावं वाचली. नव्हतं. मावशी म्हणाल्या, "असू दे. पानी गार हाय." आणि एक ग्लास पिऊन गेल्या.

हे आयुष्मतींनी पाहिलं होतं. आम्हीही पाहिलं होतं. आमचं काम त्या वेळी फोटोत उभं राहण्याचं होतं. कारण बारावं नाव आमचं होतं, खजिनदार म्हणून. एक पैसाही ५००१ मधला न देता.

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली, पण बसवेना. घरी आल्यावर रात्री रोकडवही काढली आणि अडीच वर्षांची "किरकोळ जमा" पहिल्यांदाच एकत्र केली. बेरीज आली ४१,३५०. कूलर आला होता ३८,००० ला. आम्ही बेरीज दोनदा तपासली. संगमरवरावरच्या मंडळींच्या पैशात फरशी झाली, कमान झाली, रंग झाला. त्याबद्दल त्यांचे उपकारच आहेत. पण पाणी किरकोळांचं होतं. कूलर पुरता फिटून वर ३,३५० उरत होते.

आता नावं घालायची तर घालणार कुठून? वहीत होतं "सात जण, ३५०", "चार जण, ८०". नावं आम्हीच उडवलेली. कान्हेरीच्या दगडावरचं अठराशे वर्षांनी वाचता येतं आणि आमच्या वहीतलं अडीच वर्षांनी नाही, असा आमच्या बी.कॉम.चा पराक्रम.

पुढच्या सभेत आम्ही विषय मांडला. एकजण म्हणाले, संगमरवरावर जागा नाही. दुसरे म्हणाले, उद्या दोन रुपये देणाराही नाव मागेल. आम्ही म्हणालो, मागू द्या, दिलेले असतील तर लिहू. तिसऱ्यांनी विचारलं, ५००१ वाले रागावले तर? यावर मागे बसलेले एक ५००१ वालेच उठले आणि म्हणाले, "माझी आई त्या किरकोळात आहे." त्यानंतर ठराव मंजूर व्हायला दोन मिनिटं लागली. अनुक्रम अक्षरांचा, रक्कम कुणाचीच नाही. आणि यापुढे दहा रुपयांनाही पावती.

नावं महिला मंडळाने घरोघर फिरून गोळा केली. कुणी दिलं, हे बायकांना पाठ होतं. वहीची गरजच पडली नाही. त्रेसष्ट नावं झाली. यादी आम्ही उतरवायला घेतली आणि चोविसाव्या नावाला आमची लेखणी अडली.

मावशींचं नाव काय?

आयुष्मतींना विचारलं. "मावशी." आईला विचारलं. "मावशीच म्हनत्यात तिला." शेजारी विचारलं, समितीत विचारलं. वीस वर्षं त्या आमच्या गल्लीत राहतात. आमच्या पोरांच्या बारशाला त्यांनी पाळणे म्हटले, आमचे वडील कालकथित झाले तेव्हा चार दिवस आमच्या घरी चूल सांभाळली. आणि आम्हा सुशिक्षित मंडळींपैकी कुणालाही त्यांचं नाव माहीत नव्हतं.

संध्याकाळी आम्ही दोघं त्यांच्या दारात गेलो. आम्ही खाली मान घालून विचारलं. मावशी हसल्या. ट्रंकेतून रेशनकार्ड काढलं, आमच्यापुढे धरलं आणि तोंडानेही सांगितलं. स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, आणि न विचारता गावाचंही नाव. मग जरा थांबून म्हणाल्या, "तुमची पोरगी सांगत व्हती, त्या डोंगरावर लोहाराचं कामबी लिव्हलंय. माजं लिव्हनार का?"

आम्ही म्हणालो, "काय लिहायचं, मावशी?"

"जे करते त्ये. घरकाम."

१४ एप्रिलच्या आत भिंत रंगवून झाली. रंगाऱ्याने अक्षर चांगलं काढलं आहे. त्रेसष्ट ओळी. नाव, गाव, काम. घरकाम, बिगारी, रिक्षा, सफाई, भाजीविक्री, शिवणकाम. मावशी पुन्हा त्या पोराला घेऊन आल्या. या वेळी पोराला शोधावं लागलं नाही. त्यांनी ती ओळ त्याच्याकडून दोनदा वाचून घेतली आणि पदराने भिंतीवरची धूळ पुसली. धूळ नव्हती, ताजा रंग होता. तो पदराला लागला.

संगमरवरावरचं आमचं नाव काढा असं आम्ही सुचवलं, तर समिती म्हणाली, फरशी फुटेल. तेव्हा ते आहे तिथे आहे. आयुष्मती येता-जाता त्याच्याकडे बघतात आणि काही बोलत नाहीत.

मावशींचं नाव इथे छापत नाही. आता ते वहीत आहे आणि भिंतीवर आहे. कल्याणला आलात तर आमच्या विहारात या, कूलरचं पाणी प्या आणि वाचा. पाणी गार आहे.